पद्माच्या लेखाचं खरं वर्ष

६ जानेवारी २०२५

आमच्या सोलापूरच्या संशोधन मंडळाच्या वेबसाइटवर त्रैमासिकाच्या लेखांचा पहिला गठ्ठा चढला. सगळे लेख यंदा लिहिलेले. म्हणजे साइट तसं म्हणते. प्रत्येकाच्या पायाशी: प्रकाशन वर्ष २०२५, स्वामित्व वर्ष, म्हणजे कॉपीराइटचं, २०२५. त्यातले निम्मे लेखक वारलेत. एक तर मी जन्मायच्या आधी. नव्या वर्षात इतके मेलेले लोक लिहिते झाले, मराठी संशोधनाला बरे दिवस आलेत.

पुण्याच्या वेबसाइटवालीला फोन. "मॅडम, तुम्ही वर्ष भरलंच नाहीत ना, मग सिस्टीम आजचं घेते. दोन चौकटी आहेत बघा, भरून टाका."

भरून टाका. जशी काय पाण्याची टाकी.

इनामदार सरांना विचारलं. सर ब्याऐंशीचे झाले, किती वर्षं मंडळाचे अध्यक्ष आहेत ते त्यांनाही आठवत नाही, आणि मी चोपन्नची झाले तरी त्यांच्या लेखी बी.ए.च्या दुसऱ्या बाकावरच बसलेय.
"सर, वर्ष कुठलं घालायचं?"
"अंकावर छापलंय ते. त्यात विचारण्यासारखं काय आहे, सुमन?"

खरंच की. सोपं काम. आठवड्यात उरकेल. यापुढे इथे प्र.व. आणि स्वा.व. असंच लिहीन, हात दुखतो.

८ जानेवारी

सोपं नाही. पण काय मजा आहे.

जाने.–मार्च २०१७ चा अंक. मलपृष्ठावर साड्यांच्या दुकानाची जाहिरात, खाली बारीक अक्षरात 'जीएसटीसह'. जीएसटी आला त्या वर्षीच्या जुलैत. दुकानदाराला मार्चमध्ये कोण सांगून गेलं?

मग नादच लागला. एप्रिल–जून २०१९, संपादकीय: 'सध्याच्या टाळेबंदीमुळे अंक हाती पडण्यास विलंब झाल्यास वाचकांनी क्षमा करावी.' मंडळाला टाळेबंदी वर्षभर आधी ठाऊक होती आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

सगळ्यात भारी: एका जुन्या अंकात भालेराव सरांना श्रद्धांजली. अंकावरची तिमाही संपल्यावर भालेराव सर आणखी वर्षभर माझ्याकडून शेंगाची चटणी नेत होते. तिखट कमी घाल म्हणायचे. दिवंगत माणसाच्या मानानं तक्रारी फार होत्या.

सरांपुढे तिन्ही अंक ठेवले. सर जराही हलले नाहीत. "अंकात खंड पडू द्यायचा नाही, हा आपला रिवाज आहे. छापायला उशीर झाला तरी ज्या तिमाहीचा अंक, तीच तिमाही त्याच्यावर घालायची. इतक्या वर्षांत मंडळाचा एकही अंक चुकलेला नाही, सुमन."

उशीर हा चुकण्यात धरत नाहीत.

घरी नवऱ्याला, अविनाशला, सांगितलं. त्याचं नवी पेठेत कापडाचं दुकान, त्याला हे लगेच कळलं. "आमच्यात जुन्या मालाला नवीन लेबल लावणारे हायत. तुमच्यात नव्या मालाला जुनं. असं दुकान लई दिवस चालायचं न्हाई."

११ जानेवारी

कॉलेजात तास घेताना लक्ष नाही. डोक्यात अंक. जाहिराती, श्रद्धांजल्या, निवडणुका, पाणीटंचाई. कुठल्याही अंकाचं खरं वर्ष आता मी वासावरून सांगेन.

शेजारच्या वकीलवहिनींना सहज विचारलं, स्वामित्व नेमकं लागतं कधी. म्हणाल्या, लिहून झालं की लागतं, छापायची वाट बघत नाही.

म्हणजे या दोन चौकटी दोन वेगळे प्रश्न विचारतात. एक म्हणते, लोकांना कधी मिळालं? दुसरी म्हणते, तुझं कधीपासून? आपण इतकी वर्षं दोन्हींचं उत्तर एकच देत होतो आणि तेही खोटं.

भाजी करपली. अविनाश गुपचूप जेवला. म्हणजे त्याला माझी भीती वाटायला लागलीय. चांगलंय.

१३ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून रिक्षा काढत बैठकीला. उद्या संक्रांत, सगळा गाव रस्त्यावर.

मी ठराव मांडला. प्र.व. म्हणजे अंक खरोखर छापून लोकांच्या हातात पडला ते वर्ष. स्वा.व. म्हणजे लेखकानं लेख मंडळाकडे दिला ते वर्ष. लेखाखाली तारीख असली तर ती धरायची, नसली तर लेखकाचा शब्द आणि त्याला मंडळातल्या एकाचा दुजोरा.

सर कडू औषध घेतल्यासारखे. पण डॉ. हिरेमठांनी अनुमोदन दिलं. हिरेमठ अक्कलकोटचे, विद्यापीठातून २०१७ साली निवृत्त, संपादक मंडळात अनादि काळापासून. बोलतात तेव्हा मागे कर्नाटक ऐकू येतं. "मॅडम बरोबर बोलतायत री. संशोधनात वर्ष म्हणजे देव आहे. देवाला खोटं कपडे घालू नये."

ठराव मंजूर. तिळगूळ वाटले. मला नाचायचं होतं, पण संशोधन मंडळात तशी प्रथा नाही.

१९ जानेवारी

पेपरातल्या माझ्या रविवारच्या सदरात लिहून टाकलं. भविष्य जाणणारं त्रैमासिक. नाव घातलं नाही. सोलापुरात नाव घालावं लागत नाही. सकाळपासून फोन. भालेरावांच्या सुनेचाही आला, पोट धरून हसत होती, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सरांचा फोन नाही.

२१ जानेवारी

सरांचा फोन. "लेख वाचला. एक अनुस्वार गळालाय." बस. माफी मिळाली असं धरते.

२२ जानेवारी

आज सपाटा लावला. जुलै–सप्टें. २०१७ चा अंक अडून बसला होता. जाहिरातीत काही नाही, श्रद्धांजली नाही, कोरा चेहरा. शेवटी पान उलटलं आणि मंडळाच्या वृत्तांतात एक ओळ: 'लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे वार्षिक सभा पुढे ढकलण्यात आली.' लोकसभा २०१९. सापडलास.

त्या अंकातल्या सगळ्या लेखांना प्र.व. २०१९.

उलट जाने.–मार्च २०१८ चा विशेषांक चक्क वेळेवर. परिषदेला बाहेरचे पाहुणे येणार होते, त्यांच्या देखत मंडळानं आयुष्यात एकदा घड्याळ बघितलं. प्र.व. २०१८.

म्हणजे आधीचा अंक नंतर आला आणि नंतरचा आधी. हे कोडं मी सोडवलं. अविनाशला दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा तो दुकानात गेला.

२७ जानेवारी

हिरेमठांचा फोन, सकाळी, आवाजात साखर.

"मॅडम, साइट बगितली. तुमचं काम फार चोख हाय. माझा लेख २०१८, पद्माबाईंचा २०१९. इतके दिवस लोक उलटं समजत होते री. अंकावर तिचं २०१७ होतं न्हवं का."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दोन्ही लेख एकाच गोष्टीवर आहेत.

पद्मा म्याकल, माझीच विद्यार्थिनी, आता महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिचा लेख पूर्व भागातल्या विणकर वस्तीतल्या बायकांच्या गाण्यांवर, तेलुगू-मराठी मिसळीच्या. मागासाठी सुताच्या कांड्या भरताना रहाटावर बसून म्हणायची गाणी. तिनं मांडलं होतं की गाणं उगाच आखूड-लांब नसतं, एक कांडी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढंच ते असतं. जाड सुताची कांडी लवकर भरते, म्हणून जाड सुताचं गाणं आखूड. बारीक सुताचं लांब. हिरेमठांच्या लेखात हेच आहे, फक्त तळटिपा जास्त आहेत आणि रहाट कमी.

"तर मॅडम, पद्माबाईंचं पुस्तक आपणच काढतोय. प्रस्तावनेत तिनं लिहिलंय, हे निरीक्षण माझं. आता वर्ष तुम्हीच ठरवलं. जास्त काही नको. एक ओळ. 'डॉ. हिरेमठ यांच्या लेखावरून ही दिशा मिळाली, त्यांचे आभार.' बास की."

फोन ठेवला. चहा गार झाला होता. मी त्याच कपाकडे बघत बसले, कपावर वर्ष शोधत असल्यासारखी.

२८ जानेवारी

शाळा सुटायच्या वेळी पद्माकडे गेले. पूर्व भागात, दोन खोल्या, दारात रांगोळी. तिची आई पलंगावर, समोर मालिका. आयुष्यभर कांड्या भरल्या, आता गुडघे गेले. मला बघून तेलुगूत "कूर्चो, कूर्चो," बस म्हणाली, आणि परत टीव्हीकडे. मालिकेतल्या सुनेनं सासूला काय सांगितलं हे मला बघण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं आणि ते बरोबरच आहे.

पद्माला सांगितलं. ती वह्या तपासत होती, पेन थांबलं नाही.

"म्हणजे माझ्या आईच्या गाण्याबद्दल मी त्यांचे आभार मानायचे."
"अगं, तसं नाही..."
"तसंच आहे, मॅडम. लेख मी नोटाबंदीत दिला होता. इनामदार सर बँकेच्या रांगेत उभे होते, मी पण होते, चार माणसं मागे. तिथंच दिला त्यांच्या हातात. २०१६ संपत आलं होतं. छापून कधी आला ते माझ्या हातात होतं का?"

मी म्हटलं, नाही.

"तुम्ही खरं वर्ष शोधत होता ना. शोधलंत."

शांतपणे बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांची सवय आहे.

आईनं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, कोण सर? पद्मानं तेलुगूत काहीतरी सांगितलं. आई हसली, म्हणाली, "बोलव की त्यांला. रहाटावर बसवू. लई दिस झाले कुणी बसलं न्हाई."

३० जानेवारी

दिवसभर एकच विचार. मागचंच ठेवलं तर? प्र.व. २०१७. अंकावर छापलंय ते. सर तर खूश होतील. आचारसंहितेची ती एक ओळ माझ्याशिवाय कुणी वाचली नसेल, लिहिणाऱ्यानंही नाही.

पद्माला फोन केला. ऐकून घेतलं तिनं. मग: "मॅडम, खोटं वर्ष नको. उद्या कुणीतरी तुमच्यासारखंच शोधून काढेल, मग मी खोटीच ठरेन. २०१९ राहू दे. पण आभार मी मानणार नाही. पुस्तक नाही निघालं तर नाही."

म्हटलं, मग रविवारच्या सदरात हिरेमठांना असं सोलते की...

"नको. मग लोक तुमचा लेख वाचतील. माझा नाही."

सदर लिहायला लागल्यापासून मला इतकं कुणी नीट गप्प बसवलं नव्हतं. मीच शिकवलंय तिला. चूक झाली.

२ फेब्रुवारी

मूर्ख. मी. ठार.

सकाळी दात घासताना कळलं. स्वा.व. ची चौकट! प्र.व. २०१९ राहू दे, ते खरंच आहे. पण स्वा.व.? लेख मंडळाकडे कधी दिला ते. ठराव माझा, अनुमोदन हिरेमठांचं. पद्माच्या लेखाखाली तारीख नव्हती म्हणून मी ती चौकट पुढे कधीतरी म्हणून सिस्टीमच्या २०२५ वरच सोडली होती. स्वा.व. २०१६ लागलं की उजेडात येतं, हिरेमठांचा लेख छापायच्या कितीतरी आधी तिचा मंडळाच्या हातात होता. मग आभार कसले?

चूळ न भरता सरांना फोन. सर म्हणाले आधी तोंड धू, शब्द कळत नाहीत.

११ वाजता त्यांच्या घरी. हुरडा खात बसले होते. सगळं सांगितलं. रांग, बँक, नोटाबंदी, चार माणसं मागे पद्मा.

सरांनी बराच वेळ आठवून बघितलं. खोटं बोलायचं असतं तर लगेच बोलले असते.

"रांग आठवते, सुमन. पुढचा माणूस सारखा शिंकत होता. ऊन आठवतं. लेख आठवत नाही. त्या दिवसांत माझ्या हातात कुणीही काहीही देत होतं. मी दुजोरा दिला तर तो तुझ्यासाठी देईन, खरा म्हणून नाही."

रागावता येत नाही या माणसावर. अंकांवर खोट्या तारखा घालून आयुष्य काढलं, आणि आज नेमकं खरं बोलायची वेळ साधली.

६ फेब्रुवारी

बैठक. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

विषय पद्माच्या लेखाचं स्वा.व. तिचा शब्द आहे, दुजोरा नाही. पद्मा स्वतः आली होती, शाळेतून रजा काढून, कोपऱ्यात खुर्ची घेऊन.

हिरेमठ: "रांगेत दिला म्हणतात. सोलापुरात रांगा काय कमी हायत री? पाण्याची हाय, गॅसची हाय. रांगेवरनं वर्ष कसं धरणार? मॅडम, देवाला खोटं कपडे नको असं आपलंच ठरलंय."

बरोबर होतं त्यांचं. नियम माझाच.

मग हिरेमठांना वाटलं आपण फार कडक झालो. मोठेपणानं पुढे वाकले. "पद्माबाई, राग मानू नका. मी तुमच्या विरुद्ध न्हाई. अहो, तुमचा लेख छापावा म्हणून शिफारस कुणी केली? मीच की. इनामदारांनी मत द्यायला माझ्याकडंच पाठवला होता. बारका टाइप, केबिनमध्ये बसून वाचला, डोळं दुखलं. आमचा शिपाई म्हणाला, सर, दिवा लावू का?"

केबिनमध्ये.

मी इनामदार सरांकडे बघितलं. सर हिरेमठांकडे बघत होते. पद्मा खाली बघत होती, पण तिच्या पायाची बोटं थांबली होती. मघापासून हलत होती.

हिरेमठ २०१७ च्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. केबिन गेली, शिपाई गेला. म्हणजे पद्माचा लेख त्यांनी त्याच्या आत वाचला. स्वतःचा छापला २०१८ ला. हे सगळं त्यांच्याच तोंडून आलं आणि त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. पुढे ते चहा कडक झालाय म्हणाले.

त्या क्षणी एक वाक्य इतकं तयार होतं, इतकं धारदार, की जीभ कापली असती. गिळलं.

सरांनी बैठक तहकूब केली. कारण दिलं नाही.

७ फेब्रुवारी

सरांनी बोलावलं. पद्मालाही.

मला वाटलं आता निकाल लागला. मी म्हटलं, सर, पुराव्यासकट पकडलाय. चोरी.

"चोरी म्हणू नकोस," सर म्हणाले. "मी ओळखतो त्याला. वाचलं, विसरला, आणि वर्षभरानं आठवलं तेव्हा स्वतःचं म्हणून आठवलं. माझं पण होतं. तुझं होत नाही?"

होतं. पण ते इथे लिहिणार नाही.

पद्मा: "सर, मग माझ्या चौकटीत काय?"

सर: "केबिनवरनं एवढंच ठरतं की तो निवृत्त व्हायच्या आधी. २०१६ की २०१७, ते नाही ठरत. आणि त्याचं बोलणं त्याच्या नकळत पकडून चौकट भरायची हे मला पटत नाही. दुजोरा मंडळातल्या एकाचा लागतो. लेख वाचलेला मंडळातला एकच आहे. त्यालाच विचार, सुमन. सरळ. कधी वाचलात? तो सांगेल ते वर्ष घाल. वर्ष लागलं तर आभाराची ओळ नाही. नाही सांगितलं तर मंडळाचा अध्यक्ष म्हणून ओळ मला घालावी लागेल."

"त्यांच्यावर सोडायचं?" मी म्हटलं. "ज्याला नुकसान आहे त्याच्यावर?"

"दुसरा कोण आहे?"

बाहेर पडल्यावर पद्माला विचारलं, तुला पटलं? ती म्हणाली, "केबिनमधलं त्यांनी आपणहून सांगितलं ना, मॅडम. पकडायचं म्हणून नाही. तेव्हा चांगलंच बोलत होते माझ्याशी." मग रिक्षा थांबवली. "पण ओळ आली तर मी पुस्तक परत घेणार. ते नक्की."

१० फेब्रुवारी

हिरेमठांना फोन. सरळ विचारलं. इकडचं तिकडचं काही नाही.

"सर, पद्माचा लेख तुम्ही केबिनमध्ये वाचलात ना. कुठल्या साली?"

पलीकडून फक्त अक्कलकोटचा बसस्टँड ऐकू आला, कंडक्टर ओरडत होता.

"कोण म्हणालं केबिन?"
"तुम्ही. बैठकीत. शिपाई दिवा लावू का म्हणाला."

कंडक्टर परत ओरडला. "मॅडम, मी शेकड्यानं लेख वाचलेत. वाचताना तारीख घालत न्हाई. बगतो." ठेवला.

मी खरं तर आनंदात असायला हवं. आहेही. अंगात वीज खेळतेय, पेपर तपासता येत नाहीत. एका मुलाला निबंधात शून्य दिलं होतं, परत बघितलं तर ते शून्य माझ्याच चहाच्या कपाचं होतं.

१३ फेब्रुवारी

प्रेसवाल्याचा पद्माला फोन, प्रस्तावनेचं पान सोडून बाकी सगळं छापून झालंय. पान पंधराला संध्याकाळी लावणार. आभाराची जागा मोकळी ठेवलीय, ओळ येऊ दे नाहीतर न येऊ दे, पण कळवा.

अविनाश म्हणतो, तू त्या हिरेमठांना रोज फोन कर, गिऱ्हाईक असंच पटतं. मी म्हटलं, एकदाच विचारायचं असतं. म्हणाला, म्हणून तुला दुकान जमलं नसतं.

१५ फेब्रुवारी

दुपारी जेवायला बसलो आणि फोन.

"मॅडम, हिरेमठ. परत वाचला लेख. तुमच्या साइटवरच. चांगली साइट हाय, अक्षर मोठं होतं." मग थांबले. "त्यात एक शब्द हाय, 'कांडीभर गाणं'. माझ्यात पण तोच हाय. तो मला कन्नडात सुचायला पायजे होता. मी कन्नडातच विचार करतो की, आधी."

मी घास तसाच धरून बसले. अविनाशनं भाकरी पुढे सरकवली, मी हातानंच थांब म्हटलं.

"एक सांगा, मॅडम. चौकटीत वर्ष घातलं की लोकांना काय कळतं? मी आधी वाचला होता ते कळतं?"
"वर्ष कळतं, सर. तुम्ही वाचलात हे कुठं लिहिलेलं नाही. पण बाकीचं गणित कुणी केलं तर मी थांबवू शकत नाही."
"हं." श्वास ऐकू आला. "माझी नात पीएच.डी. करतीय. ती पण बघणार साइट."
"सगळे बघतील, सर."
"पद्माबाई काय म्हणतात?"
"म्हणते तुम्ही सांगाल ते घाला."

हे ऐकून ते जरा हसले, पण दुखल्यासारखे. मग म्हणाले, "हिवाळा होता. स्वेटर घातला होता मी. सोलापुरात स्वेटर लागतो तो तेवढ्यातच. डिसेंबर म्हणा न्हाईतर जानेवारी... थांबा. शिपाई तोच होता का नवीन, त्यावरनं लागंल साल. बायकोला विचारतो, तिला शिपायांची लग्नं पाठ हायत. पाच मिनटात करतो."

त्याला दीड तास झाला.

पद्माचा मेसेज: प्रेसवाला सहाला पान लावतोय. मी उत्तर दिलं, थांब म्हणावं.

लॅपटॉप उघडून बसलेय. प्र.व. २०१९, ते पक्कं. स्वा.व. मध्ये २ आणि ० टाइप करून ठेवलेत. पुढचे दोन आकडे त्यांचे.